कारणाचा रकाना

दिगंबर सर गेले हे मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. रविवारची सकाळ, मी पोहे भिजवून ठेवलेले, आणि मोबाइलवर एकापाठोपाठ एक जोडलेले हात. कुणीतरी गेलंय एवढं समजलं, पण कोण ते कळेना, कारण ज्यानं पहिला मेसेज टाकला त्यानं नाव लिहायचं सोडून ‘अतिशय वाईट बातमी’ एवढंच लिहिलं होतं. वर वर सरकत गेले तेव्हा नाव सापडलं. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा… आत्ता? कालच तर नवं गोदाम सुरू झालंय! दुसरा, माणसासारखा विचार यायला चांगली दोन मिनिटं लागली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते चांगलं दिसत नाही. पण या लेखात चांगलं दिसण्यासारखं फारसं काही नाही, तेव्हा सुरुवात इथूनच केलेली बरी.

पेपरच्या पुरवणीचं काम बघणारी माझी एक मैत्रीण आहे. तिनं सांगितलं, “लिही की तू त्यांच्यावर. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याचा मुलगा, एवढा मोठा सॉफ्टवेअरवाला झाला, लोकांना वाचायला आवडेल.” मी लिहिलं. पहिल्याच पानावर ‘ऋषितुल्य’ हा शब्द दोनदा आला तेव्हा फाडून टाकलं. दिगंबर सर ऋषितुल्य वगैरे काही नव्हते. हट्टी होते, खवचट होते आणि स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत तर शुद्ध गाढव होते. मला त्यांचा अजून राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो. कारण जाण्याच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी तीन दिवसांची रजा मागितली होती आणि ती मी नाकारली. त्यांच्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, त्यांनी रजा मागितलीच नाही. महिनाभर ती माऊली गेलेल्या नवऱ्यावर चिडून बसली होती, आणि मी ते बघत गप्प राहिले होते.

पण आधी माणूस कोण होता ते सांगते. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी या कंपनीत लागले. खडकीच्या पुढे आमचं ऑफिस, कंपनी शेतीचे पंप बनवते. विक्रेत्यांच्या मागण्या एका सॉफ्टवेअरमध्ये येतात, गोदामाचं सॉफ्टवेअर वेगळं, ट्रान्सपोर्टवाल्याचं वेगळं, बिलांचं आणखी वेगळं, आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांसारखी ही सगळी एकमेकांशी धड बोलत नाहीत. त्यांच्यात निरोपांची ने-आण करणारी जी मधली प्रक्रिया, ती आमचं काम. पहिल्या दिवशी मी माझं शिक्षण, माझी सर्टिफिकेटं वगैरे सांगत होते तर सर म्हणाले, “असू दे, असू दे. घरी फ्रेम करून लाव.” मग त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. म्हणाले, निरोपाचा एक ठरलेला साचा असतो, त्याला इंटरफेस म्हणायचं. पाठवणाऱ्याचा साचा असतो, घेणाऱ्याचा असतो, हे दोन कुणालाही कळतात. तिसरा ॲब्स्ट्रॅक्ट. तो ना पाठवणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा. त्याला दिशा नसते, त्याला घर नसतं. मधल्या प्रक्रियेनं बोलायचं ते फक्त या तिसऱ्या साच्यात. “आमच्या गावाकडं याला सांगावा म्हणतात,” ते म्हणाले. “सांगावा आणणाऱ्यानं काय झालंय तेवढं सांगायचं. तुमचं घर केवढं, त्यांचा गोठा कुठं, असल्या चौकशा करायच्या नाहीत.”

मला वाटलं, झालं, आता पुढची दोन वर्षं हे ऐकायचंय. दोन नाही, चौदा ऐकलं. मी काहीही तयार करून दाखवायला नेलं की सर प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारायचे, “हे कुणाचंय?” म्हणजे हा शब्द कुठल्या सॉफ्टवेअरमधून उचलून आणलास? गोदामाचा रॅक नंबर असो नाहीतर बिलाचा कोड, कुणा एकाचा वास आला की संपलं. “पूस.” मी पुसायचे. पुन्हा न्यायचे. “हे कुणाचंय?” डोक्यावर मिऱ्या वाटणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. एकदा तर मी फळा पुसायचं डस्टर त्यांच्या टेबलावर आपटून आले होते, आणि दुसऱ्या दिवशी ते डस्टर धुऊन, वाळवून माझ्या खुर्चीवर ठेवलेलं होतं. पुण्यात राहून माझ्यापेक्षा जास्त पुणेरी झालेला तो माणूस.

त्यांचं बरोबर होतं हे मला मार्केट यार्डात कळलं. झालं असं की सरांना न दाखवता मी एक काम परस्पर उरकलं होतं. ट्रान्सपोर्टवाल्याचा गाडीचा कोड मी सरळ मधल्या प्रक्रियेतच घातला. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात झालं, मीही खूश आणि तेव्हाचे साहेबही खूश. वर्षभरानं कंपनीनं ट्रान्सपोर्टवाला बदलला आणि सगळं ठप्प. नव्याच्या गाड्यांचे कोड वेगळे, मधली प्रक्रिया म्हणते असली गाडी मला ठाऊक नाही. गोदामात पंप पडून आणि विक्रेते फोनवर आम्हाला शिव्या घालतायत. सरांनी मला बाइकवर मागे बसवलं आणि गुलटेकडीला नव्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात नेलं. वाटेत एक शब्द नाही. काम झाल्यावर मात्र मला मार्केट यार्डाच्या आत घेऊन गेले. वडिलांबरोबर भाजी घेऊन लहानपणी ते तिथं यायचे, त्यामुळे त्यांना गल्लीन् गल्ली ठाऊक. एका गाळ्यासमोर उभं करून म्हणाले, “त्या हमालाकडं बघ. पोतं केवढं आणि आत काय, एवढंच त्याला कळतं. कुणाकडून आलं आणि कुठं जायचं ते मुकादम बघतो. उद्या शेतकरी बदलला, व्यापारी बदलला, तर हमालाला पाठ नव्यानं शिकवावी लागते का?” मी मान खाली घातली. “तू काय केलंस, तर हमालाच्या पाठीवर व्यापाऱ्याचं नाव गोंदवलंस.” मला इतकी लाज वाटली की रडू आलं, आणि मग त्यांनी मला तिथंच उभ्याउभ्या उसाचा रस पाजला. दोन ग्लास. तो माणूस असा होता, म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही.

त्यानंतर मी त्यांच्या बाजूची झाले. पण एका गोष्टीवरून आमचं कायम वाजायचं. विक्रेता मागणी रद्द करतो तेव्हा तो एक कारणही लिहितो, पंप उशिरा मिळाला, गिऱ्हाईक फिरलं, काहीही. मी ते कारण मधल्या साच्यात ठेवलं होतं. सर म्हणाले, पूस. मी म्हटलं, “सर, हे कुणाच्या सॉफ्टवेअरचं नाही. माणसानं लिहिलंय हे.” तर म्हणाले, “मधली प्रक्रिया त्या कारणावर काही ठरवते का? नाही ना? मग कशाला वाहायचं? आज कारण, उद्या खुलासा, परवा कुंडली.” “पण पुढच्याला कळायला नको का, का रद्द झालं ते?” “ज्याला हवंय तो फोन करील. देवानं तोंड दिलंय माणसाला.” मी पुष्कळ वाद घातला, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पुसलं. आणि मग पुढे पुढे काय झालं, मीच त्यांच्यावर ताण करायला लागले. रजेच्या अर्जांचं काम आलं तेव्हा ते मी एकटीनं केलं. कर्मचारी एका पानावर अर्ज भरतो, तो मधून जातो आणि वरिष्ठाच्या मोबाइलवर येतो. अर्जात कारणाचा रकाना होता. मी तो मधल्या साच्यात घेतलाच नाही. कोण, कधीपासून, कधीपर्यंत, कुठल्या प्रकारची रजा… बस. सरांना दाखवलं. त्यांनी खालपर्यंत बोट फिरवलं, कुठंच थांबलं नाही. म्हणाले, “वा. आता कळलं हिला.” इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं ते पहिलं कौतुक. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आईला फोन करून सांगितलं. एवढा आनंद झाला होता मला.

मग मला बढती मिळाली आणि मी त्यांची वरिष्ठ झाले. त्यांनाच आधी विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं. माणसं सांभाळायची त्यांना हौस नव्हती. पण त्या दिवसापासून त्यांनी मला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली. आधी अनघा होते, अगं-तुगं होतं, ते सगळं बंद. “मॅडम, आपण सांगाल तसं.” मी म्हणायचे, “सर, नका ना असं बोलू.” तर म्हणायचे, “का बरं? पद आहे आपलं.” त्यात थट्टा किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र त्यांना सरच म्हणत राहिले. रजेचे अर्ज सर मॅडमकडे पाठवायचे आणि मॅडम मोबाइलवर बोट दाबून मंजूर करायच्या. वर्षातून दोनदा, एकदा गावच्या यात्रेला आणि एकदा ऊस तोडणीला. तेवढीच त्यांची रजा.

यंदा कंपनीनं गोदामाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. बाहेरून आलेले आमचे नवे साहेब म्हणाले, मधलं एवढं लचांड कशाला, नवं गोदाम थेट मागण्यांच्या सॉफ्टवेअरला जोडून टाका, पटकन होईल. मीटिंगमध्ये सर उभे राहिले आणि पंधरा मिनिटं बोलले. मराठीत बोलले, साहेबांना निम्मं कळलं नसेल. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी, जिनं एकदा हमालाच्या पाठीवर नाव गोंदवून तोंड पोळून घेतलं होतं, ती मी काय म्हणाले? “दोन्ही बाजूंनी विचार करता येईल.” माझं मलाच ऐकून शिसारी आली. सरांनी वही मिटली आणि बाहेर गेले. नंतर मी साहेबांना एकटीनं गाठून पटवलं, काम सरांच्याच पद्धतीनं झालं, पण ते त्यांना ऐकायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरून काम करायला सुरुवात केली. फोन नाही, काही नाही. कामापुरते मेसेज, आणि तेही दोन शब्दांचे. नवं गोदाम शनिवारी सुरू व्हायचं होतं. त्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी माझ्या मोबाइलवर अर्ज आला. बुधवार ते शुक्रवार. प्रकार, वैयक्तिक.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हे रुसून बसलेत. ऐन वेळी मला अडचणीत आणायचं आणि गंमत बघायची. वैयक्तिक म्हणे! मी नामंजूरवर बोट दाबलं, आणि मग जरा बरं दिसावं म्हणून मेसेज केला, ‘सर, प्लीज पुढच्या आठवड्यात घ्या. आत्ता नको.’ दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘ठीक आहे मॅडम.’ तो ‘मॅडम’ वाचून मी आणखी चिडले. एक फोन करून विचारलं असतं, सर, काही विशेष आहे का? तर काय बिघडलं असतं? पण नाही विचारलं. माझं नाक मोठं. शनिवारी नवं गोदाम सुरू झालं, मागण्या सुरळीत गेल्या, मधल्या प्रक्रियेला पत्ताही लागला नाही की पलीकडचं गोदाम बदललंय. सर घरून दिवसभर कामावर होते. संध्याकाळी त्यांचा ग्रुपवर मेसेज आला, ‘झालं.’ रविवारी सकाळी गोठ्यातून येऊन ते ओट्यावर बसले आणि बसल्या जागी गेले. सत्तेचाळीस वर्षांचे होते.

दहाव्याला मी गेले. नदीकाठी मांडव होता, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग आमच्याकडे असतात तशी श्रद्धांजलीची भाषणं. आजी-माजी पुढारी सगळे बोलून गेले. ज्यांनी सरांना जन्मात संगणकाविषयी एक प्रश्न विचारला नसेल त्यांनी ‘संगणक क्षेत्रातील ध्रुवतारा’ म्हटलं. आमच्या साहेबांनी ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ म्हटलं, आणि ती पोकळी भरायची जाहिरात आदल्याच दिवशी निघाली होती. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी बायकांत जाऊन बसले. सरांची बायको, सुरेखावहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. मला बघून त्या बोलायला लागल्या, आणि जे बोलल्या ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “डॉक्टर म्हनला, तपासनी करून घ्या. तारीख घेतलेली. म्या ह्यांना म्हनलं, रजा मागा. हात जोडले. तर म्हनले, पुढच्या आठवड्यात जाऊ. मागायला काय जात व्हतं वो मॅडम? तोंडानं नुसतं म्हनायचं व्हतं. पर बायकूचं ऐकलं तर मान्साची शान जाती ना! कंपनी म्होरं आन् आमी मागं.” शेजारच्या म्हाताऱ्या सासूबाई पदरानं तोंड झाकून मान हलवत होत्या. कुणीतरी म्हणालं, पुरुषाची जातच तशी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. वहिनी, त्यांनी मागितली होती, मी नाही म्हटलं. एवढं एक वाक्य. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? मी म्हणाले, “हो ना… ऐकायचेच नाहीत ते कुणाचं.” त्यांनी माझा हात दाबला. मी त्यांचा दाबला. सरांनी घरी माझं नाव काढलं नव्हतं. ‘मॅडमनी दिली नाही’ म्हणाले असते तर वहिनींनी त्या दिवशी मला मांडवातून हाकललं असतं, आणि योग्यच केलं असतं. ते नुसतं ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणाले. आणि मी, ज्यांनी मला रस पाजला, धुतलेलं डस्टर ठेवलं, ज्यांनी मला सगळं शिकवलं, त्यांच्याच दहाव्याला त्यांच्यावरच खापर फोडून घरी आले.

खरं तर तोवर मला निम्मंच ठाऊक होतं. आणखी दोन आठवड्यांनी कर्मचारी विभागातून फोन आला की सरांचे रजेचे अर्ज बंद करायचे आहेत, तुमची सही लागेल. मी त्या विभागात गेले. त्यांच्याकडे मूळ अर्ज दिसतो, पूर्ण, जसा भरला तसा. पहिला अर्ज उघडला. आणि तिथं, कारणाच्या रकान्यात, सरांनी लिहिलं होतं, ‘छातीत दुखते. अँजिओग्राफी करायची आहे. डॉक्टर म्हणतात लांबवू नका.’ मी वाचतच राहिले. हे मला आलंच नव्हतं. येणार कसं? वाहून आणणारा साचा मीच केलेला, आणि कारण मीच गाळलेलं. मग दुसरा अर्ज दिसला, पुढच्या आठवड्याचा, गोदामाच्या गडबडीत मी उघडलाच नव्हता तो, माझ्या मंजुरीसाठी अजून पडून असलेला. त्याच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. ‘वरीलप्रमाणे.’

त्या एका शब्दानं माझी झोप गेली आहे. वरीलप्रमाणे, म्हणजे आधीचं मी वाचलंय असं त्यांना वाटत होतं. छातीत दुखतंय हे वाचूनही मी नामंजूर केलं आणि वर ‘प्लीज पुढच्या आठवड्यात’ असा मेसेज केला, असं समजून तो माणूस गेला! आणि तरी घरी माझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. मला ओरडावंसं वाटतं… सर, तुम्ही विसरलात कसं? तुम्हीच बोट फिरवलं होतंत ना त्या साच्यावरून! ‘आता कळलं हिला’ तुम्हीच म्हणालात ना! दोनशे साचे तुम्हाला पाठ, आणि कारण पलीकडे जात नाही हे नेमकं स्वतःच्या वेळी आठवलं नाही? आणि आठवलं नाही तर नाही, फोन करता येत नव्हता? देवानं तोंड दिलंय माणसाला, हे कुणाचं वाक्य? का मी फोन करीन म्हणून वाट बघत होतात? याचं उत्तर मला आता कधीच मिळणार नाही, आणि मला त्याचा संताप येतो. कुणाचं तरी नाव मधे नको हा नियम चांगलाच होता, आजही मी तो नव्या मुलांना शिकवते. पण कारण हे कुणाच्या सॉफ्टवेअरचं नव्हतं, हे मी त्यांना एकदा बरोबर सांगितलं होतं आणि मग कौतुकाच्या हव्यासापायी स्वतःच सोडून दिलं. मी दुसऱ्याच दिवशी तो रकाना साच्यात घातला. अर्ध्या तासाचं काम होतं. अर्ध्या तासाचं! आता रजेचा अर्ज येतो तेव्हा कारण सगळ्यात वर येतं, आणि ‘मावसबहिणीचं केळवण’ वाचूनसुद्धा मी आधी फोन करून विचारते.

मैत्रिणीला मी सांगितलं की लेख देईन, पण थोडं थांब. वहिनींना हे पेपरात वाचायला लागू नये. गेल्या रविवारी दुपारी मी लोणी काळभोरला गेले. दोन्ही अर्ज छापून पर्समध्ये घेतले होते. त्यासाठी कर्मचारी विभागाशी भांडावं लागलं, ते भांडण सांगत नाही. सोलापूर रस्त्यावरून आत वळलं की उसाच्या कडेनं त्यांचं नवं बांधलेलं घर. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. रस्त्याकडच्या खोलीचं दार उघडं होतं. ती सरांची कामाची खोली. आत टेबलावर दोन स्क्रीन तसेच, वायरी तशाच, आणि सरांच्या चाकांच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या. “गुडघं दुकत्यात म्हनून खाली बसवत नाय,” वहिनी म्हणाल्या. “लेक व्हता तवा बसू देत नव्हता खुर्चीवर. आता सकाळधरनं तिथंच.” आणि मग, “मला जाववत नाय आत. राग येतो.”

मी म्हटलं, “वहिनी, तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. सरांनी रजा मागितली होती. मी दिली नाही.” त्यांचा शेंग धरलेला हात थांबला. मी भराभरा बोलत गेले, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. मी रुसवा समजले, मी विचारलं नाही, कारण माझ्यापर्यंत आलं नाही पण तेही माझ्याच हातचं, आणि दहाव्याला मी खोटं बोलले. मी कागद पुढे केले. त्यांनी हात पदराला पुसले, कागद घेतला, आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचला. छातीत दुखते. मग पुन्हा पहिल्यापासून.

“हे ह्यांनी लिवलंय?”

“हो.”

“कंदी?”

“मंगळवारी. सकाळी नऊच्या सुमाराला.”

“सोमवारी सांजच्याला मी भांडले व्हते,” त्या म्हणाल्या. “जेवले न्हवते ते. ताटावरनं उठून गेले. आन् सकाळी…” मला वाटलं आता शिव्या येतील, आणि त्या मला हव्याच होत्या, त्यासाठीच मी आले होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खोलीच्या दाराकडे तोंड करून त्यांनी सासूबाईंना हाक मारली, “आत्या! ओ आत्या! ह्यांनी मागितली व्हती.”

“काय म्हनतीस?” आतून आवाज आला. म्हातारीला कमी ऐकू येतं.

“रजा! तुमच्या लेकानं रजा मागितली व्हती! माजं ऐकलं व्हतं त्यांनी!” आणि मग त्या रडायला लागल्या. सर गेल्यापासून पहिल्यांदा रडत असाव्यात, कारण आतून खुर्चीची चाकं करकरली आणि म्हातारी भिंत धरत धरत, घाबरून, बाहेर आली. सुनेजवळ कशीबशी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी तिथं उभी. मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं मी चपला घातल्या आणि कागद परत घेण्यासाठी हात पुढे केला, कारण कर्मचारी विभागाला ते परत द्यायचे कबूल केलं होतं.

“तुमी जावा आता,” सुरेखावहिनी म्हणाल्या. “कागद ऱ्हाऊ द्या.”